वहिनीची काच

घर किती स्वच्छ ठेवतेस गं, असं कुणी मला म्हटलं की मी मान खाली घालते. म्हणणाऱ्या बाईला वाटतं, कौतुकानं लाजली. लाजत बिजत काही नाही. मला एक काच आठवते. बोटभर लांबीची, कोपऱ्यात माझ्याच हातानं कोरलेला नंबर असलेली. ती अजून माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे. तिच्याइतकी स्वच्छ काच मी जन्मात दुसरी पाहिली नाही, आणि देवाच्या दयेनं पुन्हा बघायची वेळ न येवो.

सत्तर सालानंतरची गोष्ट आहे. मी साताऱ्याला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर उत्तरेला खिडकी असलेली एक खोली, एक जुना मायक्रोस्कोप आणि रंगाच्या बाटल्या. रक्त, लघवी, थुंकी, दिवसभर हेच. माझं वय अठ्ठावीस, लग्नाचं नाव काढलं की मी माणसाच्या अंगावर जायची, आणि तोंडाची फटकळ म्हणून दवाखान्यात माझी ख्याती होती. शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे मला वचकून असत.

हा फटकळपणा मला वहिनीनं दिला. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्याच वर्षी घाईघाईनं दादाचं लग्न उरकलं आणि दादा पलटणीत परत गेला. घरात राहिलो आम्ही दोघी: ती सतरा वर्षांची, मी नऊ. तिनं माझ्या वेण्या घातल्या, उवा काढल्या, मला शाळेत घातलं. गावातल्या बायका तिला टोचून बोलायच्या, "नंदंला येवढं शिकवून काय कलेक्टर करतीस व्हय?" ती भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणायची, "करीन की. तुमच्या का पोटात दुखतंय?" मला मात्र ती कायम 'वन्सं' म्हणायची आणि 'तुमी' म्हणायची. मी तिला 'तू' म्हणायची. आईला म्हणावं तसं.

एका वर्षी दवाखान्यानं मला सहा महिने सांगलीला शिकायला पाठवलं. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी लाकडी पट्टी फिरवून जे लागेल ते काचेवर पसरायचं, रंगवायचं, आणि मायक्रोस्कोपखाली पेशी वाचायच्या. कॅन्सर व्हायच्या आधीच त्याची चाहूल लागते म्हणे. आमच्याकडे असं काही असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

तिथले सर वयस्कर होते, बारीक आवाजाचे, कधी चिडायचे नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आजार ओळखायला आलात ना? मग आधी धडधाकट ओळखा." आणि खरोखर तीन महिने त्यांनी आम्हाला आजाराची एक काच दाखवली नाही. नुसत्या निरोगी बायकांच्या काचा. सकाळी निरोगी, दुपारी निरोगी. मला असा वैताग आला की विचारू नका. कशाला मेलं हे तेच तेच, असं वाटायचं.

मग एक दिवस मला त्यात वहिनीची चूल दिसली. खालच्या थरातली पेशी लहान, गोल, जाड, मधोमध मोठा ठिपका. हा झाला पिठाचा उंडा. त्यावरची पसरट, निळसर. ही परातीत अर्धी थापलेली भाकरी. आणि सगळ्यात वरची, गुलाबी, पातळ, कडा दुमडलेली, ठिपका आक्रसून टाचणीच्या डोक्याएवढा झालेला. ही तव्यावरून उतरलेली. तरण्या बाईच्या काचेत भाजलेल्या भाकऱ्या जास्त, पाळी गेलेल्या म्हातारीच्या काचेत बहुतेक उंडेच. म्हातारीत उंडे दिसले म्हणून घाबरायचं नाही, ते तिच्या वयाला शोभतात. हे मी सरांना सांगितलं तर ते खळखळून हसले आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वर्गाला भाकरीच शिकवू लागले.

पण एक जात भाकरीत बसत नव्हती. गर्भपिशवीच्या तोंडाच्या आतल्या बाजूच्या उंच, सडपातळ पेशी. त्या एकट्या सापडत नाहीत, घोळक्यानं सापडतात, आणि वरून बघितलं तर मधमाशीचं पोळं दिसतं. सर म्हणाले, "हे पोळं दिसलं की समजा, पट्टी हद्दीपर्यंत पोचली. बाहेरच्या पेशी जिथं संपतात आणि आतल्या सुरू होतात, ती हद्द. तुमच्याकडं भाऊबंदकीची भांडणं कुठं सुरू होतात?"

"बांधावर," मी म्हणाले.

"हा आजारही बांधावरच सुरू होतो. बांध न बघता रान चांगलं आहे असं लिहायचं नाही. पोळं नसेल तर आधी ते लिहायचं, बाईला परत बोलवायचं."

मी मान डोलावली. वहीत लिहून घेतलं. त्याच तासाला सरांनी नमुना घेण्याचे नियम फळ्यावर लिहिले. एकेक नियम वाचून समजावत गेले. शेवटच्या ओळीला आले आणि थांबले. वर्गात आम्ही दोघी पोरी आणि चार पोरं. सर खिडकीबाहेर बघू लागले. "हे... हे उतरवून घ्या," म्हणाले आणि फळा पुसायला वळले. मी खाली मान घालून भराभरा उतरवलं. लाजेनं कानशिलं तापली होती, काय लिहितेय हे डोक्यात शिरलंच नाही. माझ्यासारखी फटकळ बाई, आणि तिथं मात्र माझी दातखीळ बसली.

साताऱ्याला परत आले आणि दर मंगळवारी आमच्याकडे ही तपासणी सुरू झाली. नमुना घ्यायच्या डॉक्टरीणबाई. हुशार होत्या, पण नाकाच्या फार नाजूक. बायका यायच्या उसाच्या रानातनं, एसटीत घामाघूम होऊन, वर्षानुवर्षं अंगावरून पांढरं जाणाऱ्या. डॉक्टरीणबाई नाकाला रुमाल लावून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "शी! कशा राहता गं तुम्ही!" ती बाई टेबलावर पडल्या पडल्या डोळ्यांवर पदर ओढून घ्यायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण डॉक्टरीणबाईंना बोलायची माझी छाती नव्हती. म्हणून मी माझ्या अकलेनं तोडगा काढला. बाई नाव नोंदवायला आली की तिला बाजूला घेऊन कानाशी लागून सांगायची, "मंगळवारी येताना धुऊन या. आतून. चांगलं स्वच्छ."

बायकांनी ते इतकं मनावर घेतलं! आमच्याकडची बाई डॉक्टरकडं जायचं म्हणजे तशीही न्हाऊन-धुऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून निघते. त्यात मी सांगितलेलं. कुणी कडुलिंबाचा पाला उकळला, कुणी तुरटी विरघळवली. डॉक्टरीणबाईंचा रुमाल खिशात गेला. मला म्हणाल्या, "तू बायकांना चांगलं वळण लावलंस." आणि काचा काय सुंदर यायला लागल्या! ना घाण, ना पू. निळ्या-गुलाबी भाकऱ्या सुट्या सुट्या मांडलेल्या. पूर्वी एका काचेला जिथं पाऊण तास लागायचा तिथं दहा मिनिटांत वाचून व्हायची. मी हरखून गेले.

एवढंच की ती मधमाशीची पोळी कमी झाली. आधी पाचातल्या चार काचांत दिसायची, मग तीन, मग एखाद-दुसऱ्या काचेत. मला हे कळत होतं. मी खोटं बोलणार नाही, मला तेव्हाच कळत होतं. मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढलं की मानेवर काहीतरी बसल्यासारखं वाटायचं. सांगलीला एक पत्र टाकावं असं दोनदा मनात आलं. पण मग वाटलं, काय विचारू? काचा फार छान येतात, असं? आणि परत बोलवलं तर बाई यायची नाही, तिचा रोज बुडायचा, सासू खवळायची. शेवटी मी पोळ्याची अट मनातल्या मनात सोडून दिली. 'नॉर्मल' लिहायला लागले. हात सरावला.

अशाच एका शनिवारी वहिनी गावाहून आली. भाजीची पिशवी ठेवली, इकडचं तिकडचं बोलली आणि मग भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "वन्सं, तुमचं दादा सुट्टीवर येऊन गेल्यापास्नं अंगावरनं लाल जातंय. मदीच. पाळी नसताना."

"किती दिवस झाले?"

"दोन-तीन म्हैनं."

"आणि आत्ता सांगतेस? तोंड शिवलं होतं का?" मी ओरडलेच.

"काय सांगायचं? लाज वाटती." मग हळूच म्हणाली, "तुमी बगनार न्हवं ती काच? दुसरं कुनी न्हाई न्हवं?"

"मीच बघणार. मंगळवारी ये. आणि धुऊन ये बरं का. आतून."

मंगळवारी ती पहिल्या एसटीनं आली. नऊवारी काठापदराचं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगाला तुरटीचा आणि साबणाचा वास. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "थोडं लाल आहे, सूज असेल. काच काय म्हणते बघू." मी स्वतः रंगवली. निळा रंग, नारिंगी रंग, स्पिरिटच्या बाटल्यांतून एकेक बुडी. वाळली आणि मी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

काय सांगू! अशी काच मी पाहिलीच नव्हती. भाजलेल्या भाकऱ्या, अर्ध्या थापलेल्या, एकेक वेगळी, कडा दुमडलेल्या, मागं पाण्यासारखं स्वच्छ रान. माझा जीव भांड्यात पडला. मग सवयीनं पोळं शोधू लागले. डावीकडून उजवीकडं, एक ओळ खाली, उजवीकडून डावीकडं. नाही. पुन्हा पहिल्यापासून. नाही. एकही उंच पेशी नाही. खिडकीतनं वहिनी दिसत होती, बाकावर अवघडून बसलेली, मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरून. तिची एसटी अडीचची होती. तिला आत बोलवून पुन्हा त्या टेबलावर झोपवायचं माझ्या जिवावर आलं. आणि खरं सांगायचं तर मला ती काच तशीच हवी होती. मी 'नॉर्मल' लिहिलं आणि सही केली.

बाहेर जाऊन म्हणाले, "काही झालं नाही तुला. सुजेच्या गोळ्या घे आणि गप घरी जा."

तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. स्टँडकडं जाता जाता वाटेत थांबली आणि कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन परत आली. सगळ्या खोलीला वाटले. शिपायाला म्हणाली, "आमच्या वन्संनी सवताच्या डोळ्यांनी बगितलंय." तो पेढा मी खाल्ला.

त्यानंतर आठ महिने ती आली नाही. निरोप यायचा, बरी हाय, कामाची घाई हाय. आली ती उन्हाळ्यात. दारातच उभी राहिली, आत येईना. चेहरा पांढराफटक, गालफडं बसलेली. म्हणाली, "वन्सं, वास यायला लागलाय. कितीबी धुतलं तरी जात न्हाई वो." आणि तेवढ्यात मला तो वास आला. तो वास प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला शिकवावा लागत नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि या खेपेला रुमाल काढला नाही. हात धुताना माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सांगलीला घेऊन जा. उद्याच."

सांगलीपर्यंत एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. माझ्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली ती जुनी काच होती. ती घेऊन जा असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण घरी ठेवून जायची हिंमत झाली नाही. वहिनीला वॉर्डात भरती केलं. मोठ्या डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं की आजार पुढं गेलाय, शस्त्रक्रियेची वेळ गेली, रेडियमचा शेक देऊन बघू. मी काच घेऊन सरांकडं गेले.

सरांनी ती फार वेळ बघितली. डावीकडून उजवीकडं, एक ओळ खाली. मला त्यांच्या हाताची चाल पाठ होती. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "यात बांधावरचं काही नाही."

"नाही सर."

"आणि तुम्ही नॉर्मल लिहिलंत."

"हो सर."

"काच फार स्वच्छ आहे." मग विचारलं, "बाई धुऊन आल्या होत्या का?"

मी म्हणाले, "मीच सांगितलं होतं. सगळ्यांनाच सांगते."

सरांचा चेहरा असा उतरला की मलाच त्यांची कीव आली. म्हणाले, "मी फळ्यावर लिहिलं होतं." मग खाली बघत म्हणाले, "बोलायला हवं होतं." माझी वही मी पुढं साताऱ्याला येऊन उघडली. होतीच ती ओळ, माझ्याच अक्षरात, ठळक: नमुन्याआधी दोन दिवस आतून पाण्याने धुऊ नये, पेशी वाहून जातात. पण ती वही उघडायच्या आधी मला वॉर्डात जायचं होतं.

वहिनीला सांगायचं ठरवून मी जिना चढले. ती उशीला टेकून बसली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलत होती. त्या बाईची तपासणी दुपारी व्हायची होती, ती बिचारी भेदरलेली. वहिनी तिला धीर देत होती. "कायबी दुकत न्हाई. फकस्त धुऊन जायाचं चांगलं. ह्या आमच्या वन्सं हेच काम करत्यात, त्यांनी सांगितलंय. मी तर दोनदा धुतलं हुतं, तुरटी घालून. म्हनलं, लोकं म्हनतील वन्संची भावजय आसली कशी. त्यांच्या नावाला बट्टा नको."

शेजारीण तांब्या घेऊन उठायला लागली.

"वैनी, गप बस!" मी किंचाळले. सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. एकोणीस वर्षांत मी तिच्यावर अशी ओरडले नव्हते. मी खाटेच्या कडेवर बसले आणि सगळं सांगितलं. काय धुऊन गेलं, काय दिसलं नाही, मी काय लिहिलं. ती ऐकत होती. अर्ध्यावर तिनं माझ्या हातातला आपला हात काढून घेतला. रागानं नव्हे, विचार करताना माणूस हात काढून घेतं तसा.

"मंजी तवाच कळलं असतं तर?"

"तर बरी झाली असतीस बहुतेक," मी म्हणाले. 'बहुतेक' म्हणताना मला माझी लाज वाटली.

मी वाट बघत होते की ती मला शिव्या देईल, मारेल तरी. तिनं विचारलं, "वन्सं, आनि किती बायकांस्नी सांगितलंसा धुऊन या म्हनून?"

दोन वर्षांचे मंगळवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. खोक्यात ओळीनं उभ्या केलेल्या स्वच्छ काचा. प्रत्येकीवर माझी सही.

"मी पत्रं टाकते सगळ्यांना," मी घाईनं म्हणाले. "परत बोलवते."

"पत्रं कोन वाचनार? आमी? गडी मानसं वाचनार आनि चुलीत घालनार." तिला दम लागला होता. "कागदानं न्हाई कळत वन्सं ह्ये. जाऊन तोंडानं सांगा. धुऊ नका, जशा हाय तशा या, म्हनावं." आणि शेजारणीकडं बोट केलं. "आदी ह्यांस्नी सांगा."

मी सांगितलं. शेजारणीनं तांब्या खाली ठेवला.

शेकाचा उपयोग झाला नाही. वहिनी श्रावणात गेली. तार मिळून दादा घरी पोचला तो दहाव्याला. आला आणि ओसरीवर बसून एकच गोष्ट विचारत राहिला, "पर काचेत तर काय नव्हतं न्हवं? तू तर लिहिलं हुतंस, कायबी न्हाई." मी त्यालाही सांगितलं. त्यानंतर तो माझ्याशी फारसा बोलला नाही.

तेराव्यानंतर मी रजा टाकली आणि खोक्यातल्या नंबरांवरून नावं काढली. पत्ता म्हणजे नुसतं गावाचं नाव आणि अमक्याची बायको. एसटीनं, बैलगाडीनं, चालत, जमेल तशी फिरले. काही सापडल्या, काहींनी गाव सोडलं होतं, काहींच्या दारात त्यांचा फोटो हार घालून ठेवलेला होता आणि कशानं गेली विचारलं तर माणसं खाली बघायची. मी तिथून निघून पुढच्या गावाला जायची.

एका घरी अंगणात पाच-सहा पुरुष बसले होते, पानतंबाखू चालली होती. मला हवी असलेली बाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी तिथंच उभ्यानं तिला सांगायला लागले, मंगळवारी परत या, आणि येताना आतून धुऊ नका. पुरुषांची बोलणी एकदम थांबली. त्या बाईनं पदर तोंडात धरला आणि माझ्या जवळ येऊन कुजबुजली, "बाई, हळू बोला की वो."

मी तिला तेच पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.